हार्वेस्टरचा नवा बेल्ट : घेताना आणि बसविताना

दिवाळीच्या आसपास आरमोरी, वडसा, ब्रह्मपुरी भागात हलके धान कापणीला येते आणि पाठोपाठ भारी धान. पूर्वी विळा, पुंजणे आणि मळणी असा दोन महिन्यांचा पसारा असे. आता बांध्यांत हार्वेस्टर उतरतात. टायरवाले कोरड्या बांधीत, चेनवाले वैनगंगेकाठच्या ओलीत. यंत्रमालकाची वर्षाची कमाई या मोजक्या आठवड्यांत होते, आणि ती अडते ती बहुधा इंजिनापायी नव्हे, तर बेल्टपायी. म्हणून स्पेअर पार्टचे दुकानदार आणि गॅरेजवाले बंधू यांच्यासाठी आम्ही हा विषय घेतला आहे.

पहिली चूक दुकानाच्या काउंटरवरच होते. गिऱ्हाईक तुटलेला बेल्ट आणून "असाच द्या" म्हणते आणि दुकानदार रुंदी पाहून बी-75 काढून देतो. बी म्हणजे वरची रुंदी 17 मिलिमीटर व जाडी 11 मिलिमीटर, आणि 75 ही आतील लांबी इंचात. मात्र शेतीयंत्रासाठी एचए, एचबी, एचसी असे वेगळे बेल्ट निघतात. एचबीचे माप बीसारखेच दिसते, पण त्याची बांधणी झटके सोसणारी आणि पाठीवरून ताण देणाऱ्या आयडलरवर उलटे वाकणे सहन करणारी असते. पिठाच्या गिरणीवर जो बेल्ट वर्षे चालतो, तोच हार्वेस्टरवर हंगामही काढील याची खात्री नाही. तेव्हा यंत्राच्या पुस्तिकेतील नंबर पाहावा. जुन्या बेल्टची लांबी मोजून नवा घेणे फसवे, कारण जुना ताणलेला असतो.

जेथे दोन-तीन बेल्ट जोडीने चालतात, तेथे सर्व एकदम आणि एकाच कंपनीचे बदलावेत. एकच नवा घातला तर जुने सैल राहतात, सगळा भार नव्यावर येतो आणि तोच आधी जातो. गिऱ्हाईक खर्चाला कुरकुरते. तरी दुकानदाराने हे सांगितलेच पाहिजे.

बसविण्यापूर्वी पुली पाहा. खाचेचा तळ चकचकीत असेल तर बेल्ट तळाला टेकतो आहे, बाजूंना पकड उरलेली नाही. अशा पुलीवर कितीही महाग बेल्ट घाला, तो घसरणारच. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का, हे ताणलेल्या दोरीने तपासावे. टॉमी घालून बेल्ट कडेवरून चढवू नये. त्याने आतला दोरा तुटतो आणि बाहेरून काही दिसत नाही. टेन्शनर पूर्ण सैल करावा. इंजिन बंद आणि चावी खिशात, हे वेगळे सांगायला नको, पण दरवर्षी कोणाचा तरी गमछा पुलीत जातोच.

ताणाचा हिशेब असा : दोन पुल्यांच्या केंद्रांत एक मीटर अंतर असेल तर, कंपनीच्या तक्त्यात दिलेला जोर मध्यभागी लावल्यावर बेल्ट 16 मिलिमीटर दबावा. अधिक ताणल्यास बेअरिंग तापते.

आता सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. नवा बेल्ट घालून तडक भरल्या धानात यंत्र घालू नये. आधी काही मिनिटे रिकामे फिरवावे, मग कमी रुंदीचा पट्टा कापत हळू चालवावे. या काळात बेल्ट खाचेत बसतो, थोडा सैलही होतो. म्हणून पहिल्या काही तासांनी आणि पुन्हा साधारण 24 तासांच्या कामानंतर ताण पाहावा. ज्या टायरवाल्या यंत्रांत चालीचा वेग रुंद बेल्टने बदलतो, तेथे पहिल्या दिवशी चढावर वा चिखलात एकदम जोर देऊ नये. यंत्र थांबवून बेल्टला हात लावावा. चटका बसला तर तो घसरतो आहे.

घसरणीवर बिरोजा किंवा साबण लावण्याची जुनी सवय चपट्या पट्ट्यांच्या काळातील आहे. व्ही-बेल्टवर बिरोजाने धूळ व भुसा चिकटतो. ऑइल-ग्रीस लागल्यास बेल्ट पुसून घ्यावा आणि गळती बंद करावी.

दुसरा बेल्ट कापणी सुरू होण्यापूर्वीच घेऊन ठेवावा. नागपूरहून मागविण्यात गेलेला दिवस परत येत नाही. तो खिळ्याला न टांगता जाड खुंटीवर, उन्हापासून आणि डिझेलपासून दूर ठेवावा, आणि नंबर पुठ्ठ्यावर लिहून सोबत बांधावा.