पथ्य एकटीचं नको, गल्लीचं हवं!

घरातल्या कर्त्या पुरुषाला साखर निघाली, की त्याचं पथ्य कोण सांभाळतं? आपणच ना! त्यांची गोळी, त्यांची भाकरी, त्यांचा बिनसाखरेचा चहा, सगळं कसं वेळच्या वेळी होतं. पण तुमची स्वतःची साखर शेवटची कधी तपासली होती, असं कुणी विचारलं तर? पुष्कळ जणींना बाळंतपणातली तपासणी आठवेल. त्यानंतरची काही आठवायची नाही.

मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार हे शहरातल्या सुखवस्तू माणसांचे आजार, ही समजूत आता सोडून द्यायला हवी. देशभर झालेल्या एका मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. रक्तदाब तर शंभर प्रौढांतल्या पस्तीस जणांना! सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावरचं आपलं जळकोट काय, नळदुर्ग काय, कुणीच यातून सुटलेलं नाही.

‘पण मी तर बारीकच आहे,’ असं म्हणून निर्धास्त राहू नका. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या माता आणि मुलांचा अभ्यास केला. आपली बाळं इंग्रज बाळांपेक्षा वजनाला कमी भरतात, पण त्या मानाने त्यांच्या अंगात चरबी कमी नसते, असं त्यांना आढळलं. म्हणजे हातपाय काटकुळे आणि चरबी मात्र पोटात! म्हणून वजनकाट्यापेक्षा शिवणाची टेप आपल्याला जास्त खरं सांगते. बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत हवा, म्हणजे साधारण साडेएकतीस इंच. आज दुपारी मोजून पाहाच.

फिनलंडच्या गृहिणींनी काय केलं?

उपाय सगळ्यांना पाठ असतो: गोड कमी, तेल-मीठ कमी, रोज चाला. अडतं ते करण्यात. एकटीने पथ्य करायचं म्हटलं, की चार दिवसांत सणवार येतो, पाहुणे येतात आणि पथ्य राहतं बाजूला.

फिनलंड देशातल्या उत्तर करेलिया भागाची गोष्ट मोठी बोलकी आहे. १९७२ साली तिथे ऐन उमेदीतले पुरुष हृदयविकाराने पटापट जात होते. लोणी, चरबीयुक्त मांस, खारवलेलं अन्न आणि सिगारेट हे तिथलं रोजचं. डॉ. पेक्का पुस्का यांनी काम सुरू केलं, तेव्हा त्यांच्या मदतीला कोण आलं असेल? तिथल्या गृहिणींची जुनी संघटना, ‘मार्था’. या बायकांनी गावोगावी ‘दीर्घायुष्याच्या मेजवान्या’ भरवल्या. पदार्थ त्यांचेच, नेहमीचे. फक्त त्यात चरबी कमी, मीठ कमी आणि भाज्या जास्त. सगळ्यांनी मिळून शिजवायचं, चाखायचं आणि घरी जाऊन तसंच करायचं. पुढच्या चार दशकांत त्या भागातल्या कामकरी वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. धूम्रपान कमी झालं, औषधोपचार सुधारले, हे खरं. पण मोठा वाटा बदललेल्या ताटाचा होता.

आपल्या अंगणातले अनुभव

बायका एकत्र आल्या की गावाचं आरोग्य पालटतं, हे आपल्याकडेही नवं नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली काम सुरू केलं. फारशी शाळा न शिकलेल्या गावच्या बायांनाच त्यांनी आरोग्य-सेविका केलं. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. क्रांती रायमाने यांच्या ‘हॅलो मेडिकल फाउंडेशन’ने गावोगावच्या स्त्रियांना ‘भारतवैद्य’ म्हणून उभं केलं.

लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक राहिलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं नाव तर तुम्ही ऐकलं असेलच. नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून त्यांनी ही पद्धत लोकांपर्यंत नेली. दिवसातून दोनच वेळा जेवायचं, ते पंचावन्न मिनिटांत संपवायचं, मध्ये काही तोंडात टाकायचं नाही आणि रोज पंचेचाळीस मिनिटं चालायचं. पुष्कळांना याचा गुण आला. सगळ्याच आहारतज्ज्ञांना ही पद्धत मान्य नाही, हेही सांगायला हवं. मात्र एक गोष्ट घेण्यासारखी आहे: येता-जाता चिमूटभर फरसाण, मुलाने ताटात टाकलेला घास, दर पाहुण्याबरोबर अर्धा कप गोड चहा, हे आपण खाण्यात धरतच नाही!

चेन्नईला उंबरठ्यावरच्या ५३१ लोकांचा तीन वर्षं अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००६ साली आले. ज्यांना नेहमीचाच सल्ला मिळाला, त्यांच्यातल्या शंभरात ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांनी आहार आणि चालणं सांभाळलं, त्यांच्यात ३९ जणांना. गोळी घेणाऱ्यांनाही एवढाच फायदा झाला. म्हणजे नुसत्या सवयींनी गोळीइतकं काम केलं!

मधुमेह ‘जातो’ का?

इथे जरा जपून ऐका. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमधल्या ३०६ रुग्णांवरच्या प्रयोगात, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार, कडक आहाराने वजन उतरवलेल्या गटातल्या ४६ टक्के रुग्णांची साखर वर्षाअखेरीस गोळ्यांशिवाय ताळ्यावर होती. दोन वर्षांनी मात्र ते प्रमाण ३६ टक्क्यांवर आलं. वजन परत चढलं, की साखरही परत येते. म्हणून डॉक्टर ‘बरा झाला’ म्हणत नाहीत, ‘शमला’ म्हणतात. गोळी थांबल्यावर निदान तीन महिने एचबीए१सी ही तपासणी साडेसहाच्या खाली राहिली, तरच तसं म्हणायचं.

तेव्हा कुणाचं ऐकून परस्पर गोळी बंद करू नका. इन्शुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी चालू असताना उपास केला, तर घाम फुटून, डोळ्यांपुढे अंधारी येऊन बाई कोसळू शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी, तसंच लहानपणापासून इन्शुलिनवर असलेल्यांनी दोन जेवणांचे प्रयोग मुळीच करू नयेत. आधी डॉक्टरांना विचारायचं, मग पाऊल उचलायचं.

मग आपण काय करायचं?

बचत गट आहे, भिशी आहे, हळदीकुंकू आहे. नवं मंडळ कशाला हवं?

१. गटाच्या बैठकीला आशाताईंना बोलवा. तीस वर्षांवरच्या प्रत्येकीचा घेर, रक्तदाब आणि साखर तपासून वहीत लिहा. उपकेंद्रात ही तपासणी फुकट होते. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त आली, तर पुन्हा तपासून डॉक्टरांना दाखवा.

२. रोज पाच-सहा जणी मिळून अर्धा तास चाला. एकटी बाई रस्त्याने चालू लागली, की चार लोक विचारतात, ‘कुठं निघालात?’ सहा जणी निघाल्या, की कुणी विचारत नाही. कोजागिरीला तुळजापूरला पायी जाणाऱ्या आपण. अर्धा तास काय जड आहे?

३. तेलाचा हिशेब ठेवा. चौघांच्या घरात महिन्याला साधारण दोन ते अडीच किलो पुरे. मीठ माणशी दिवसाला एक सपाट चमचा. लोणचं, पापड, सांडगे त्यातच धरायचे.

४. आपलं ताट विसरू नका. येळवशीची भज्जी आठवा: किती प्रकारचे दाणे, किती पालेभाजी! ती वर्षातून एकदाच का? ज्वारीची भाकरी, हुलग्याचं माडगं, अंबाडीची भाजी महागडी थोडीच आहे? भाकरीही मोजूनच खायची, एवढं मात्र लक्षात ठेवा.

५. हळदीकुंकवाला पेढ्याऐवजी फुटाणे किंवा पेरू द्या. पहिल्या वर्षी नावं ठेवतील, दुसऱ्या वर्षी अनुकरण करतील.

६. मिश्री! लावणारी लपवते आणि घरचे काणाडोळा करतात. तोंडाचा कर्करोग, रक्तदाब, पोटातल्या बाळाचं वजन, सगळ्यांशी तिचा संबंध आहे. एकटीला सुटत नाही. दोघी-तिघींनी एकाच दिवशी सोडली, तर एकमेकींना धीर राहतो.

७. शेवटी जेवायला बसून उरलंसुरलं संपवणं बंद करा. शिळं अन्न वाया जाऊ नये म्हणून ते आपल्या पोटात ढकलायचं, ही काटकसर फार महागात पडते. सगळ्यांबरोबर ताट वाढून घ्या.

सासूबाई कुरकुरतील, ‘हे काय नवीन?’ म्हणतील. त्यांनाही सोबत चालायला न्या. त्यांचाही रक्तदाब कुणी कधी मोजलेला नसतो. येत्या बैठकीला हप्त्याच्या वहीबरोबर टेपही घेऊन जा. सुरुवातीला एवढं पुरे.