जीभ घसरली की लकव्याचा झटका?

"डाळ-भात" म्हणायचं असतं आणि तोंडातून "भाळ-डात" निघतं. मोठ्याला हाक मारायची, तर धाकट्याचं नाव येतं. "वय झालं," म्हणून घरचे हसतात. पण हा आजार नाही. अशा चुका तरण्याताठ्यांच्याही होतात.

आपण सेकंदाला साधारण दोन-तीन शब्द बोलतो. तेवढ्या वेळात मेंदू काय सांगायचं ते ठरवतो, हजारो शब्दांतून नेमका शब्द शोधतो, त्यातले आवाज ओळीने लावतो आणि ओठ, जीभ, घसा यांच्या स्नायूंना हुकूम देतो. एक शब्द तोंडात असतानाच पुढचा तयार होत असतो, म्हणून पुढचा 'भ' आधीच बाहेर पडतो. मुलांची नावंही मेंदूत जवळजवळ असतात. एक शोधताना दुसरं हाताला लागतं. थकवा आणि जागरणाने चुका वाढतात. चूक आपल्याला लगेच कळते, आपणच ती सुधारतो.

बहुतेकांच्या मेंदूत हे काम डाव्या बाजूला चालतं. पॅरिसचे डॉक्टर पॉल ब्रोका यांच्या एका रुग्णाला "टान" एवढंच बोलता येई, पण दुसऱ्याचं बोलणं समजे. १८६१ साली तो वारल्यावर त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा दिसली.

या भागाचा रक्तपुरवठा अचानक थांबला, तर बोबडी वळते, शब्द सापडत नाहीत किंवा माणूस भलतंच बोलतो. वस्तीत लगेच म्हणतात, "पिऊन आलाय" नाहीतर "बाहेरचं लागलंय." अंगारे-धुपाऱ्यात वेळ जातो.

अशा वेळी त्याला हसायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा, एक सोपं वाक्य म्हणायला सांगा. तोंड वाकडं झालं, हात खाली पडला किंवा वाक्य नीट आलं नाही, यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन करा. त्रास कधी सुरू झाला ती वेळ लक्षात ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. तोंडात पाणी किंवा गोळी घालू नका. दहा मिनिटांत बरं वाटलं तरी दवाखान्यात न्याच.

झटक्यानंतर वाचा गेलेला माणूस वेडा नसतो. त्याच्यावर ओरडू नका. "चहा हवा का?" असं हो-नाहीत उत्तर देता येईल ते विचारा आणि उत्तराला वेळ द्या. वाचा-उपचाराने पुष्कळांचं बोलणं सुधारतं.