राइस कुकरमध्ये मासे-भात : मासा नेमका कधी टाकायचा आणि मसाला तळाशी का जाऊ द्यायचा नाही?

जळगाव-धुळ्यात मासे म्हटलं की डोळ्यांसमोर येतो काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा आणि सोबत भाकरी. भात आलाच तर शेवटी, उरलेल्या रश्श्यात कालवायला. पण शिकायला किंवा नोकरीला खोली करून राहणाऱ्या पोरापोरींकडे ना भाकरीचा तवा असतो, ना वाटण करायला मिक्सर. काही घरमालक तर खोलीत गॅसही ठेवू देत नाहीत. मग उरतो कोपऱ्यातला राइस कुकर.

त्यात मासे आणि भात एकत्र होतो का? होतो, आणि चांगला होतो. फक्त हे यंत्र चालतं कसं, ते आधी कळलं पाहिजे.

भात झाला हे कुकरला कसं कळतं?

आपोआप बंद होणारा विजेचा राइस कुकर जपानच्या तोशिबा कंपनीने १९५५ मध्ये बाजारात आणला. आज आपल्याकडे मिळणाऱ्या साध्या, एका बटणाच्या कुकरच्या तळाशी मधोमध स्प्रिंगवर बसवलेली एक चकती असते आणि तिच्या आत चुंबक असतं. भांड्यात पाणी आहे तोवर तळ १०० अंशांच्या फारसा वर जात नाही. तांदळाने पाणी पिऊन टाकलं की तापमान चढायला लागतं. १०३ अंशांच्या आसपास चकतीतल्या धातूचं चुंबकत्व जातं, चुंबक सुटतं आणि बटण ‘टक्’ करून वर येतं.

म्हणजे कुकरला भात कळत नाही, त्याला फक्त तळ कोरडा झालेला कळतो.

सगळी गडबड इथूनच सुरू होते. कुकरमध्ये तेल टाकून फोडणी करायला गेलं की बटण खाली राहत नाही, कारण तेल १०३ अंश कधीच ओलांडून जातं. कुकर बिघडलेला नसतो. आणि भाताच्या पाण्यातच काळा मसाला ढवळला, तर तो जड असल्यामुळे तळाशी बसतो आणि करपायला लागतो. तळ तापतो, बटण वेळेआधी उडतं, वर तांदूळ कच्चाच राहतो. म्हणून मसाला माशाला लावायचा, तांदळाला नाही.

मासा कोणता?

खानदेशाला समुद्र नाही. पापलेट-सुरमई येते ती बर्फात, लांबचा प्रवास करून. तापीवरचं हतनूर, जळगावजवळचं वाघूर, पांझरेवरचं अक्कलपाडा असल्या धरणांच्या मुलखात गोड्या पाण्यातलाच मासा घेतलेला बरा. रोहू आणि कटला चवीला छान, पण पाठीकडच्या आणि शेपटीकडच्या तुकड्यांत बारीक, दोन फाटे फुटलेले काटे असतात. भातात ते दिसत नाहीत, घशात कळतात. त्यामुळे विक्रेत्याकडे पोटाकडचे तुकडे मागा, तिथे मोठेच काटे असतात आणि सहज निघतात. काट्यांची भीतीच वाटत असेल तर चिलापी किंवा मरळ घ्या.

तळ्यातल्या माशाला कधी कधी चिखलाचा वास येतो. तो चिखलाचा नसतो, साचलेल्या पाण्यातले सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, त्याचा असतो. आंबटाने तो कमी होतो. लिंबू आणि मीठ चोळून दहा मिनिटं ठेवायचं आणि धुवून टाकायचं.

आता करायचं कसं?

दोघांसाठी एक वाटी कोलम आणि माशाचे चार तुकडे, फार जाड नकोत. तुकड्यांना हळद, मीठ, काळा मसाला, ठेचलेला लसूण, थोडा चिंचेचा कोळ आणि चमचाभर शेंगदाण्याचं तेल लावून ठेवा. घरून आलेला मसाला असेल तर उत्तमच, त्यात भाजलेलं खोबरं आणि दगडफूल आधीच असतं.

तांदूळ धुवून कुकरमध्ये घाला. पाणी दोन वाट्यांना दोन-तीन चमचे कमी, कारण मासाही पाणी सोडतो. मीठ, चिमूटभर हळद, अर्धा चमचा तेल. बटण खाली.

मासा सुरुवातीलाच टाकायचा नाही. उकळत्या पाण्यात तो फुटतो आणि भातभर काटे होतात. पाणी आटून भातावर छोटी छोटी भोकं दिसू लागली की तुकडे एकाशेजारी एक वर ठेवायचे, खाली दाबायचे नाहीत. झाकण पटकन लावा. बटण उडाल्यावरही दहा मिनिटं उघडू नका, उरलेल्या वाफेत मासा शिजतो. काट्याजवळचं मांस पांढरं होऊन सहज सुटलं म्हणजे झालं. अजून काचेसारखं दिसत असेल तर कडेने तीन-चार चमचे गरम पाणी सोडून बटण पुन्हा दाबा.

विजेचा हिशेब सोपा आहे : ४०० वॅटचा कुकर अर्धा तास चालला तर ०.२ युनिट. मध्येच लाइट गेली तर झाकण उघडू नका. बटण विजेने नाही, चुंबकाने धरलेलं असतं, त्यामुळे लाइट आली की शिजणं पुढे सुरू होतं. पण कुकर लावून तुम्ही बाहेर गेलात आणि अर्धा कच्चा मासा दोन तास कोमट पडून राहिला, तर तो फेकून द्या.

उरला तर?

इथे जरा गंभीर व्हायला हवं. कच्च्या तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते उकळूनही मरत नाहीत. भात कोमट पडून राहिला की ते वाढतात आणि विष सोडतात. ते विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही, आणि वासावरून कळतही नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो, खोली रात्रीही तापलेली असते. एवढ्या उन्हाळ्यात शिजलेलं अन्न तासाभरात फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. खोलीत फ्रीज नसेल तर खाल तेवढंच शिजवा. रात्रीचा मासे-भात सकाळच्या डब्यात नको.

राहिला कुकरचा वास. भांडं आणि झाकण घासून झाल्यावर वाटीभर पाण्यात पिळलेल्या लिंबाची सालं टाकून पाच मिनिटं उकळा, झाकणाच्या भोकातून वाफ जाऊ द्या. नाहीतर उद्याच्या खिचडीला रोहूचा वास येईल आणि रूममेट कुकर लपवून ठेवेल.