विसावा रोजा आणि त्रिपोलीचे आकाश

आज विसावा रोजा. अस्रच्या नमाजनंतर अमळनेरच्या मशिदींमध्ये एतिकाफला बसणारे आपले अंथरूण-पांघरूण घेऊन येतील आणि ईदचा चंद्र दिसेपर्यंत तिथेच मुक्काम करतील. रमजानच्या दुसऱ्या अशऱ्याचा, म्हणजे मगफिरतीच्या दहा दिवसांचा, हा शेवटचा दिवस. मगफिरत म्हणजे क्षमा.

परंपरेनुसार हिजरी सन ८ मध्ये, म्हणजे इ.स. ६३० साली, याच तारखेला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मक्का जिंकली. आणि २०११ च्या रमजानमध्ये याच तारखेला, २० ऑगस्टच्या संध्याकाळी, रोजा सुटल्यानंतर लिबियाची राजधानी त्रिपोली मुअम्मर गद्दाफी यांच्याविरुद्ध उठली. मक्केच्या विजयाचा दिवस म्हणूनच बंडखोरांनी ही तारीख धरली होती. पुढे जे घडले ते मात्र मक्केसारखे घडले नाही.

इफ्तारनंतर चहाच्या टपरीवर सुदानची बातमी निघाली की एक प्रश्न हमखास येतो : एवढी माणसे मरत असताना जग मध्ये का पडत नाही? सुदानचे यादवी युद्ध १५ एप्रिल २०२३ रोजी, रमजानच्या अखेरच्या अशऱ्यातच पेटले. एक कोटीहून अधिक लोकांची घरेदारे सुटली. प्रश्न रास्त आहे. पण जग लिबियात मध्ये पडले होते. त्याचे काय झाले, हेही पाहायला हवे.

उड्डाणबंदी म्हणजे काय?

फेब्रुवारी २०११ मध्ये बेनगाझी शहरात गद्दाफींविरुद्ध लोक रस्त्यावर आले आणि त्यांच्यावर गोळीबार झाला. मार्चच्या मध्यापर्यंत सरकारी फौजा बेनगाझीच्या दिशेने सरकत होत्या आणि तिथे कत्तल होईल अशी भीती होती. १७ मार्चला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १९७३ क्रमांकाचा ठराव केला. लिबियावर उड्डाणबंदी क्षेत्र जाहीर झाले आणि सामान्य नागरिकांच्या रक्षणासाठी आवश्यक ते सर्व उपाय करण्याची परवानगी मिळाली. परकी फौज ताबा घेण्यासाठी जमिनीवर उतरणार नाही, अशी अटही होती.

‘नो-फ्लाय झोन’ हा शब्द ऐकायला सौम्य वाटतो. जणू रस्त्यावर ‘प्रवेश बंद’ची पाटी लावली. प्रत्यक्षात ज्या आकाशात पहारा द्यायचा, तिथे आधी जमिनीवरची रडार यंत्रणा आणि विमानविरोधी क्षेपणास्त्रे उद्ध्वस्त करावी लागतात. म्हणजे उड्डाणबंदीची सुरुवातच बॉम्बहल्ल्याने होते. लिबियात १९ मार्चला ती तशीच झाली. बेनगाझी वाचले. पण मोहीम तिथे थांबली नाही. नागरिकांचे रक्षण करता करता ती राजवट उलथण्यापर्यंत गेली. नाटोची विमाने ३१ ऑक्टोबरला थांबली, त्याच्या अकरा दिवस आधी गद्दाफी पकडले जाऊन खटल्याविनाच मारले गेले होते.

पंधरा सदस्यांच्या परिषदेत त्या दिवशी दहा मते ठरावाच्या बाजूने पडली. पाच देश तटस्थ राहिले : रशिया, चीन, जर्मनी, ब्राझील आणि भारत. भारताचे म्हणणे असे की, प्रत्यक्ष परिस्थितीची खात्रीलायक माहिती नाही, राष्ट्रसंघाच्या दूताचा अहवाल अजून आलेला नाही, आणि ही कारवाई कोण, कशी करणार तेही स्पष्ट नाही. त्याच सुमारास लिबियातून पंधरा हजारांहून अधिक भारतीयांना जहाजांनी आणि विमानांनी मायदेशी आणण्यात आले होते. बाजूने मत देणाऱ्यांत बोस्निया होता, आणि त्यालाही कारण होते.

बोस्नियाची जखम

युगोस्लाव्हिया फुटल्यावर तिथे गेलेल्या राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेचे पहिले सेनापती भारतीय होते : मराठा लाईट इन्फंट्रीत दाखल होऊन कारकीर्द सुरू केलेले लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार. ऑक्टोबर १९९२ मध्ये बोस्नियाच्या आकाशात लष्करी उड्डाणांना बंदी झाली. एप्रिल १९९३ मध्ये स्रेब्रेनित्सा हे गाव ‘सुरक्षित क्षेत्र’ ठरले. तरीही जुलै १९९५ मध्ये सर्ब फौजा चालत आत शिरल्या आणि आठ हजारांवर मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले. आकाश बंद होते, जमीन उघडी होती. असा देश बेनगाझीबद्दल तटस्थ कसा राहील?

म्हणून ‘मध्ये पडू नये’ एवढे म्हणूनही सुटका होत नाही. रवांडात १९९४ मध्ये जग बघत राहिले. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसे गेली. सीरियात राष्ट्रसंघाने उड्डाणबंदी केली नाही. निम्म्याहून अधिक देश बेघर झाला.

आयतीतल्या तीन पायऱ्या

दिव्य कुरआनच्या ‘अल-हुजुरात’ या सूरहमधील नववी आयत नेमकी याच पेचाबद्दल आहे. श्रद्धावंतांचे दोन गट आपसांत लढू लागले तर बाकीच्यांनी काय करावे, हे ती क्रमाने सांगते. पहिली पायरी समेटाची. समेट होत नसेल आणि एक गट दुसऱ्यावर चालून जातच असेल, तर त्याला बळाने रोखायचे. पण तो थांबेपर्यंतच. आणि तो थांबला की तिसरी पायरी : पुन्हा समेट, आणि या वेळी न्यायाने. न्यायाचा उल्लेख शेवटी येतो, कारण हातात बळ असते तेव्हाच तो सुटण्याची भीती असते.

लिबियात पहिली पायरी घाईत उरकली गेली आणि दुसरी मर्यादा ओलांडून गेली. तिसरी कुणी चढलेच नाही. शस्त्रे टोळ्यांच्या हाती राहिली, २०१४ मध्ये पुन्हा यादवी पेटली, देशात दोन सरकारे झाली. नंतरच्या दिवसांची तयारी केली नाही ही आपली सर्वांत मोठी चूक, असे खुद्द बराक ओबामांनी २०१६ मध्ये कबूल केले. सप्टेंबर २०२३ मध्ये देरना शहरावरची दोन धरणे वादळात फुटली आणि हजारो माणसे वाहून गेली. त्या धरणांची देखभाल वर्षानुवर्षे झाली नव्हती.

भारतानेही एकदा शेजारच्या आगीत हात घातला होता. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित आले. त्यांच्यासाठी त्या वर्षी पत्रावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. अमळनेरहून गेलेल्या पत्रालाही ते लागले असेल. डिसेंबरमध्ये युद्ध झाले, बांगलादेश स्वतंत्र झाला आणि मार्च १९७२ मध्ये भारतीय सैन्य परत फिरले. पुढे त्या देशाने बरेच भोगले. पण मदतीला गेलेली फौज तिथे मालक होऊन बसली नाही.

मक्केतला तो दिवस

अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवलेल्या साने गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ लिहून प्रेषितांचे चरित्र मराठी वाचकांपर्यंत नेले. त्या चरित्रातली मक्केची मोहीमही दुसऱ्याच्या हाकेवरूनच निघाली होती. खुजाआ ही टोळी मुसलमानांशी करारबद्ध होती. कुरैशांच्या मित्रटोळीने तिच्यावर रात्री हल्ला केला, माणसे मारली. खुजाआंचा माणूस मदत मागत मदीनेत आला आणि दहा हजारांची फौज निघाली.

मक्केच्या वेशीवर घोषणा झाली : जो आपल्या घराचे दार लावून बसेल त्याला अभय आहे. ज्या कुरैशांनी छळ करून घराबाहेर काढले होते, तेच आता समोर मान खाली घालून उभे होते. मोजके अपवाद वगळता सर्वांना माफी मिळाली. बळ वापरले गेले, पण ते कुठे थांबवायचे हे आधीच ठरलेले होते.

हे फक्त राष्ट्रांपुरते नाही. जून २०२३ मध्ये अमळनेरमध्येही दोन गटांत दगडफेक झाली आणि संचारबंदी लागली. पोलीस आले, दगड थांबले. ती दुसरी पायरी होती आणि ती पोलिसांनाच चढता येते. तिसरी गावाची असते. ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई, ज्याने दगड मारला त्यालाच शिक्षा. त्याच्या मोहल्ल्याला नव्हे, त्याच्या गल्लीला नव्हे. सणाच्या तोंडावर शांतता समितीची बैठक होते, चहा होतो, फोटो निघतो. हे काम त्यानंतरचे आहे. संचारबंदी उठल्यावर ज्याचे दुकान उघडायला हात धजत नव्हता, त्याच्या शटरला समोरच्या दुकानदाराने हात लावायचा.

आज मगरिबला मगफिरतीचा अशरा संपेल. एतिकाफला बसणारे रात्री दुआसाठी हात उठवतील तेव्हा त्यात सुदानचे नाव येईल, आणि अमळनेरचेही यावे.