'आफ्रिकन' कापड मुळात आफ्रिकेचं नाहीच! ओळखीचा हाच गुंता एका कलाकाराने शिवून दाखवला

लाल, पिवळ्या, निळ्या रंगांतलं ठसठशीत नक्षीचं सुती कापड दिसलं की आपण लगेच म्हणतो, 'हे आफ्रिकन'. नायजेरिया, घानामध्ये लग्नकार्यापासून बाजारापर्यंत ते दिसतंही. पण त्याचं नाव आहे 'डच वॅक्स'. मेणाने नक्षी झाकून कापड रंगवायची बाटिकची कला इंडोनेशियातली. १९व्या शतकात डचांनी यंत्रावर तिची नक्कल केली आणि हा माल पश्चिम आफ्रिकेत जोरात खपला. तिथल्या व्यापारी बायकांनी एकेका नक्षीला आपली नावं दिली. कापड त्यांचंच होऊन गेलं.

यिंका शोनिबारे यांचा जन्म १९६२ चा, लंडनमधला. बालपण मात्र नायजेरियातल्या लागोसमध्ये गेलं. पुढे लंडनमध्ये कला शिकताना ते सोव्हिएत रशियातल्या घडामोडींवर काम करत होते. तेव्हा एका शिक्षकाने विचारलं, अस्सल आफ्रिकन कला का करत नाहीस? प्रश्न साधा वाटतो, पण त्यात कातडीच्या रंगावरून विषय नेमून देणं आहे. शोनिबारे ब्रिक्स्टनच्या बाजारात हे कापड घ्यायला गेले आणि 'अस्सल आफ्रिकन' मालाचा खरा प्रवास तिथे त्यांना कळला.

मग त्यांनी याच कापडाचे व्हिक्टोरियन काळातल्या इंग्रज साहेबांचे कोट शिवून घेतले. २००३ च्या 'स्क्रॅम्बल फॉर आफ्रिका' या कलाकृतीत टेबलाभोवती असे १४ पुतळे बसलेत. टेबलावर आफ्रिकेचा नकाशा आहे. संदर्भ आहे १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेचा, जिथे युरोपीय सत्तांनी आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरवले. एकाही पुतळ्याला डोकं नाही. चेहराच नसल्याने माणूस ओळखायला उरतात फक्त कपडे, आणि तेही गोंधळात टाकणारे.

अमेरिकेत निक केव्ह (त्याच नावाचे गायक वेगळे) उलट्या वाटेने गेले. १९९१ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला बेदम मारलं. त्याने हादरलेल्या केव्ह यांनी शिकागोच्या बागेत पडलेल्या काटक्या गोळा केल्या आणि त्यांचा अंगभर पोशाख केला. घालून हलल्यावर काटक्या एकमेकींवर घासून वाजू लागल्या, म्हणून नाव पडलं 'साउंडसूट'. आत गोरा आहे की काळा, बाई आहे की पुरुष, बाहेरून काहीच कळत नाही. तेव्हापासून त्यांनी असे ५०० हून अधिक पोशाख केलेत.