विटाळ, पंगत आणि एक शताधिपती

आजचा विषय दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे, पण आपल्या कानांना ओळखीचा वाटेल. सोवळं-ओवळं आपण घराघरांत पाहिलं आहे. यहुदी समाजातही शुद्धतेचे कडक नियम होते आणि पहिल्या ख्रिस्ती मंडळींचं मोठं भांडण त्यावरूनच झालं.

आधी एक गैरसमज दूर करू. 'लेवीय' या ग्रंथातली अशुद्धता म्हणजे पाप नव्हे. बाळंतपण, मासिक पाळी, प्रेताला स्पर्श यांमुळे माणूस अशुद्ध होई. मुख्य याजकसुद्धा यातून सुटत नसे. कधी स्नान करून संध्याकाळपर्यंत थांबलं की पुरे, कधी सात दिवस लागत. म्हणजे हा विटाळ प्रसंगाने येई आणि जाई, जन्माला चिकटलेला नसे. आपल्याकडच्या अस्पृश्यतेहून तो इथेच वेगळा ठरतो. जेरुसलेमच्या उत्खननात पायऱ्यांची स्नानकुंडं आणि दगडी भांडी सापडली आहेत. दगडाला विटाळ लागत नाही, अशी समजूत होती.

आता येशूकडे वळू. बारा वर्षं रक्तस्राव होणारी एक बाई गर्दीत त्याच्या वस्त्राला शिवते. तो रागावत नाही, तिला 'मुली' म्हणून निरोप देतो. हात न धुता जेवण्यावरून परूशी टोकतात, तेव्हा तो म्हणतो की माणूस विटाळतो तो आतून निघणाऱ्या दुष्ट विचारांनी. पण हाच येशू बऱ्या झालेल्या कुष्ठरोग्याला याजकाकडे जाऊन नियमाप्रमाणे अर्पण करायला सांगतो. त्याने सगळे नियम मोडीत काढले, असं सरसकट म्हणता येत नाही.

याचा पुरावा खुद्द पेत्र देतो. यापोमध्ये त्याला दृष्टान्त होतो : आकाशातून चादर उतरते, तीत सगळे प्राणी, आणि आज्ञा होते, मारून खा. पेत्र ठाम नकार देतो. सर्व अन्न शुद्ध असं गुरूने आधीच स्पष्ट सांगितलं असतं, तर पट्टशिष्य अडला का असता?

लगेच त्याला कैसरियाहून बोलावणं येतं. बोलावणारा कर्नेल्य, इटलिक पलटणीतला रोमी शताधिपती. माझ्यातल्या फौजीला हा प्रसंग फार भावतो. परक्या सत्तेच्या अधिकाऱ्याच्या घरात पेत्र पाऊल टाकतो आणि म्हणतो, कोणत्याही माणसाला अशुद्ध म्हणू नये, हे मला देवाने दाखवलं. चादरीतला धडा अन्नापेक्षा माणसांबद्दल होता.

पण कळणं वेगळं, वळणं वेगळं. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीला बसत होता. जेरुसलेमहून याकोबाकडची माणसं येताच तो उठून वेगळा झाला. बर्णबाही मागोमाग गेला. पौलाने पेत्राला सर्वांसमोर खडसावलं. हे आपल्याला पौलाच्याच गलतीकरांस पत्रातून कळतं, पण शेवटी कोणाचं चाललं ते तो लिहीत नाही.

इ.स. ४९च्या सुमारास जेरुसलेमच्या सभेत तोडगा निघाला : परराष्ट्रीयांना सुंता नको, पण मूर्तीचा नैवेद्य, रक्त, गळा दाबून मारलेलं आणि जारकर्म वर्ज्य. शुद्ध तत्त्वापेक्षा एका पंगतीत बसता यावं, ही त्यामागची गरज मला दिसते.

प्रश्न तिथे संपला नाही. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचे बिशप डायोनिसियस यांनी पाळीतल्या स्त्रियांनी प्रभुभोजनाला येऊ नये असं लिहिलं. त्याच शतकातल्या सीरियातल्या 'डिडास्कालिया' या ग्रंथाने उलट सांगितलं : त्या दिवसांतही प्रार्थना सोडू नका. दाराबाहेर काढलेला नियम खिडकीतून परत येतो, तो असा.

पलटणीच्या लंगरमध्ये मी वर्षानुवर्षं एका रांगेत जेवलो. सुट्टीवर घरी आल्यावर मात्र त्याच हातांनी पुन्हा भांडी वेगळी ठेवणारे जवानही पाहिले. म्हणून पेत्राला हसण्याचा अधिकार मी स्वतःला देत नाही. हुकूम एका दिवसात निघतो, सवय मोडायला पिढ्या जातात.

आपल्या पंगतीतून कोण उठतं आणि कोणाला पाहून उठतं, एवढं तपासून पाहा. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.