मोटारगाडीचे रंगलेपन
मोटारगाडीचे रंगलेपन : मोटारगाडीच्या पोलादी पत्र्यावर गंजरोधनासाठी व शोभेसाठी दिलेले लेप. फॉस्फेट संस्करण, विद्युत् निक्षेपित अस्तर, रंगथर व पारदर्शक रोगण असा क्रम असून एकूण जाडी सु. ०·१ मिमी. असते. रोगणापुरता ओरखडा घासून घालविता येतो. खडी लागून टवका उडाल्यास मात्र उघडा पत्रा गंजतो. मुंबई उपनगरांच्या खाऱ्या, दमट हवेत गंज लवकर पसरतो व लोखंडाहून अधिक जागा व्यापीत असल्याने भोवतालचा लेपही उचलतो. कुर्ल्यास बनलेल्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सी या हवेत २०२३ पर्यंत धावल्या, त्या पुनःपुन्हा रंगवूनच. टवका गंज खरवडून, अस्तर देऊन पावसाळ्यापूर्वी बुजवावा. बांधकामाच्या धुळीतील क्वॉर्ट्‌झचे कण रोगणाहून कठीण असतात. म्हणून गाडी कोरड्या फडक्याने पुसू नये, आधी पाणी ओतावे.